काकांची गोळी आणि माझी संकष्टी

मोठ्या आतड्याविषयी आमच्या काकांपेक्षा जास्त ठाऊक असलेला माणूस चेन्नईत असलाच, तर त्याने काकांसमोर येऊ नये. आणखी शिकवल्याशिवाय काका त्याला सोडणार नाहीत. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. आई गेल्यावर मी यांच्याच घरी वाढले. इथल्या संरक्षण कारखान्यात ते तपासनीस होते. जन्मभर भिंग लावून लोकांचा माल नापास केला आणि निवृत्त झाल्यावर ते भिंग स्वतःच्या आजाराकडे वळवलं. आजार अल्सरेटिव्ह कोलायटिस. आतड्याला सूज, जखमा, रक्त, आणि बिघडलं की दिवसातून पंधरा वेळा धावाधाव. पण हे नाव काका असं खुलून सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं जावयाचं कौतुक चाललंय.

दवाखान्यात नंबर येईपर्यंत ते शेजारच्या पेशंटांचा वर्गच घेतात, तोही अस्सल कारखानी तमिळमध्ये. "बरं वाटलं म्हणून गोळी बंद करायची नाही हं! आजार झोपलेला असतो, गेलेला नसतो," हे ठरलेलं वाक्य. एकदा एका आजोबांनी त्यांनाच डॉक्टर समजून फाइल पुढे केली, तर काकांनी ती वाचली की हो! शिवाय शहरातली सगळी बरी स्वच्छतागृहं त्यांना तोंडपाठ. नुंगंबाक्कमला साडी घ्यायला निघालो की दुकान मावशी ठरवत नाही, काका ठरवतात, आणि त्याचा साड्यांशी काडीचाही संबंध नसतो. मला मात्र कायम धास्ती. काका आत गेले की माझं लक्ष घड्याळाकडे. "काका, बरे आहात ना?" असं दारावर थापा मारून विचारावं, तर आतून आवाज येणार, "अगं, पेपर तरी वाचू दे!"

एवढं ज्ञान, आणि तरी मागच्या वर्षी पुन्हा रक्त पडायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी औषध वाढवलं, मग पुन्हा वाढवलं. शेवटी काकांना भरतीच करावं लागलं. पांढरेफटक पडले होते. "आता औषध लागू पडलं नाही, तर आतडं काढावं लागेल," बाई मला बाहेर नेऊन म्हणाल्या. मावशीने घरून गोळ्यांची पिशवी आणली, ती मी पलंगावर उपडी केली. महिन्याच्या गोळ्यांतल्या सात शिल्लक! सोबत खोक्यातली माहितीची चिठ्ठी, आणि तिच्यात एका शब्दाखाली लाल पेन्सिलीची रेघ: मक्याचं स्टार्च.

"मका धान्य आहे," काका पडल्या पडल्या म्हणाले. "उपासाला कसा चालेल?"

दोन एकादश्या, एक संकष्टी, चार सोमवार. मी तिथेच भडकले. "अहो, वर्गात तुम्हीच शिकवता ना, गोळी बंद करायची नाही म्हणून?"

"बंद कुठे केली? रजा दिली. आयुष्यभर दुसऱ्याचा माल नापास केला, मग स्वतःची गोळी डोळे मिटून पास करू?"

या माणसाला काय म्हणावं! रडावं की हसावं कळेना. उपास सोडा म्हणून मी हात जोडले. बऱ्याच घासाघिशीनंतर एकादशी सुटली, सोमवार सुटले. संकष्टी मात्र नाही म्हणजे नाही.

"अय्यो, आता तरी सांगा की तिला," मावशी म्हणाली. काका भिंतीकडे तोंड करून पडले, तेव्हा तिनेच सांगितलं. नववीत मला मेंदूज्वर झाला होता. तीन दिवस शुद्ध नव्हती. पोर उठून बसली तर जन्मभर संकष्टी धरीन, असं काका गणपतीला बोलले होते. आणि मी इतकी वर्षं त्यांच्या साबुदाण्याची चेष्टा करत आले. मला फार लाज वाटली.

"मग ती संकष्टी माझीच आहे," मी म्हटलं. "द्या इकडे. मी धरते, तुम्ही गोळी घ्या."

काकांनी मान वळवून मला नीट तपासलं. "कॉफी चालेल. बिस्किट नाही," ते म्हणाले, आणि पाण्याचा पेला मागितला.

आतडं वाचलं. धास्ती काही गेली नाही. संकष्टीला मी श्रीपेरुंबुदूरच्या कंपनीबसमध्ये रिकाम्या पोटी बसते, आजूबाजूला इडल्यांचे डबे उघडतात, आणि मी फोन हातात धरून असते. वाटेत पूनमल्ली यायच्या आत काकांचा फोन येतो. "घेतली गं," एवढंच म्हणतात. मागच्या संकष्टीला पूनमल्ली मागे पडली तरी फोन नाही. मीच लावला. वाजत राहिला, उचलेनात. पाचव्यांदा उचलला.

"अगं, दवाखान्यात एकाला समजावत होतो. घेतली, घेतली!"

मी डोळे पुसले. "चंद्रोदय कधी आहे?"

"नऊ वाजता. मावशी मोदक करतेय. तू ये, तोवर मी थांबतो जेवायचा."

"काका! तुम्ही उपास—"

"उपास नाही गं. गोळी घेतलीय, सकाळी इडलीही खाल्ली. तुझ्यासाठी नुसता थांबतो."