हिल्माने धरलेला डूख

माझी बायको हिल्मा पिस्तूल शिकवते. आमच्या मिशिगनमध्ये कपड्याखाली पिस्तूल झाकून बाळगायचा परवाना हवा असेल, तर आधी अख्खा दिवस वर्गात आणि मैदानावर काढावा लागतो. मग शिकवणाऱ्याच्या सहीचा दाखला कौंटीच्या कचेरीत नेऊन द्यायचा. आमच्या भागात ती सही हिल्माची. दुसरा एक शिकवणारा आहे, पण तो पार सरोवराच्या टोकाला राहतो, आणि हिवाळ्यात तिकडे जायचं म्हणजे देवाचं नाव घेऊनच गाडी काढायची.

तिच्याकडे बघून कुणाला हे खरं वाटणार नाही. ठेंगणी बाई, गुडघे दुखतात, जिना चढताना देवाला आणि मला आलटून पालटून शिव्या घालते. अर्धं आयुष्य तिने शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना सूप वाढलं. तिचा धाकटा भाऊ रुडी गेला त्या वर्षी तिने पळी खाली ठेवली आणि पिस्तूल उचललं. दुःखाने बिचारीचं डोकं फिरलं, असं गाव म्हणालं. डोकंबिकं काही फिरलं नव्हतं. बाईने डूख धरला होता.

रुडी मेला तो हरणाच्या मोसमात, जंगलातल्या शिकारीच्या खोपटात. खोपटात तो आणि डेल ब्रूसो असे दोघंच होते. डेलने शेरीफला सांगितलं की रुडी प्यायलेला होता, त्याने डेलचं पिस्तूल हातात घेऊन चाळे केले आणि स्वतःलाच गोळी मारून घेतली. शेरीफने अपघात म्हणून लिहून टाकलं. आता रुडी प्यायचा, मी नाही म्हणत नाही. पण बंदुका पेटीत जाऊन कुलूप लागल्याशिवाय त्याने कधी बाटलीचं झाकण उघडलं नाही. हे त्याच्याबरोबर शिकारीला गेलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि प्रत्येक जण मूग गिळून बसला. डेलचं लाकडाचं दुकान, अर्ध्या गावाची चूल त्याच्या लाकडावर पेटते. कोण बोलणार?

भोगलं ते रुडीच्या पोरीने. टेसा तेव्हा शाळेत होती. "दारुड्याची पोर" हे तिचं नावच पडलं. तसं म्हणणाऱ्यांत सगळ्यात पुढे डेलचा मुलगा कोडी. हिल्मा तिथेच सूप वाढत होती, तिने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. मी एकदा म्हणालो, "जाऊन डेलची गचांडी धर ना."

"धरून काय मिळेल? तो पुन्हा तेच खोटं सांगेल," ती म्हणाली. "हा माणूस पिस्तुलाच्या बाबतीत गबाळा आहे, वॉल्ट. गबाळेपणा लपत नाही. एक ना एक दिवस त्याला परवाना हवा होईल, आणि तेव्हा तो माझ्यासमोर बसेल."

नऊ वर्षं तिने चर्चमध्ये डेलला हसून नमस्कार केला. माझ्याच्याने ते झालं नाही. मी त्याच्या बुटांकडे बघायचो.

आणि या मार्चमध्ये तो आला. कोडीने बापाला साठाव्या वाढदिवसाला लहानसं पिस्तूल घेऊन दिलं होतं, वर्गात नावही त्यानेच नोंदवलं होतं. हिल्माने टेसाला फोन केला आणि एवढंच म्हणाली, "शनिवारी वर्गाला ये. तुलाही परवाना लागेलच कधीतरी."

नेमबाजी क्लबाच्या खोलीत सात-आठ जण होते. मी कॉफी आणि निशाणाचे कागद सांभाळतो. सकाळी हिल्माने कायदा शिकवला. शाळेत, दारूच्या गुत्त्यात, इस्पितळात न्यायचं नाही. पोलिसाने अडवलं तर आधी तोंडाने सांगायचं, माझ्याकडे पिस्तूल आहे. जीव जायची वेळ आल्याशिवाय झाडायचं नाही. मग मैदानावर नेमबाजी झाली. डेलने कागदाच्या मधोमध भोकं पाडली आणि कोंबड्यासारखा मान ताठ करून आत आला.

शेवटचा पाठ राहिला होता, घरी आल्यावर पिस्तूल रिकामं करून ठेवण्याचा. खऱ्या गोळ्या तेव्हा बाहेर मैदानावरच्या पेटीत कुलुपात असतात. पिस्तुलं क्लबाची. हिल्मा दर वर्गात त्यातल्या एकात प्लास्टिकची नारिंगी गोळी गुपचूप घालून ठेवते. कुणाला ते मिळेल ते नशिबावर. त्या दिवशी मात्र नशिबाला सुट्टी होती.

"जोडीजोडीने," हिल्मा म्हणाली. "एकाने रिकामं करायचं, दुसऱ्याने आत बोट घालून बघायचं आणि 'रिकामं' म्हणायचं. दुसरा म्हणत नाही तोवर ते भरलेलंच. टेसा, तू डेलबरोबर."

टेसाने माझ्याकडे पाहिलं. मी कॉफी ओतत राहिलो.

"अगं पोरी, तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हापासून करतोय मी हे," डेल हसत म्हणाला. त्याने ऐटीत गोळ्यांचं मॅगझिन काढून टेबलावर आपटलं. मॅगझिन काढलं तरी एक गोळी नळीत राहू शकते, म्हणून वरचा खटका मागे ओढून आत बघायचं असतं, ते केलंच नाही. "रिकामं," असं स्वतःच म्हणाला आणि चाप ओढला. पिस्तुलाचं तोंड टेसाच्या पोटाकडे होतं.

टक् असा आवाज झाला. बाकी काही नाही.

"खटका मागे ओढ," हिल्मा म्हणाली.

"अगं, रिकामंच—"

"ओढ, डेल."

त्याने ओढला. नारिंगी गोळी उडाली आणि टेबलावर टेसापुढे जाऊन पडली. टेसाने गोळी उचलली नाही, नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "बाबांच्या वेळी पण असंच झालं?"

"मॅगझिन काढलं होतं मी," डेल घाबऱ्याघुबऱ्या म्हणाला. "मला वाटलं, आत काही—"

"कुणी काढलं होतं?" हिल्माने विचारलं. आवाज सूप वाढतानाचाच. "नऊ वर्षं तर पिस्तूल रुडीच्या हातात होतं ना?"

डेलच्या तोंडचं पाणी पळालं. तो खाली बसला. "माझी पोरं लहान होती, हिल्मा. रुडी तर गेलाच होता. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

"त्याला नाही पडला. हिला पडला."

"काय हवं ते कर. सही नको देऊस. पण कोडीला सांगू नकोस. तो मला..."

"सही तर तुला मिळणारच नाही. माणसावर पिस्तूल रोखणाऱ्याला मी सही देत नाही, तो माझा सख्खा बाप असला तरी. आणि कोडीला मी कशाला सांगू? ते तुझं काम."

इतक्यात बाहेर गाडी वाजली आणि कोडी बुटांचा बर्फ झटकत आत आला. "काय बाबा, झालात का पिस्तूलवाले?" कुणी हसलं नाही. त्याने एकेकाकडे पाहिलं. "काय झालं?"

"नापास झालो," डेल म्हणाला.

"तुम्ही? का?"

टेसा उठली. कोट घालत ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "त्यांना विचार, कोडी. आत्ता गाडीत विचार. नाहीतर शुक्रवारी चर्चच्या तळघरात सगळं गाव उपासाचे मासे खायला जमेल, तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकशील. मी तसंच ऐकलं होतं. तुझ्याच तोंडून."

बापलेक बाहेर गेले. हिल्मा खिडकीपाशी उभी राहिली. बाकीचे लोक सह्या घेऊन एकेक करून निघून गेले. कोडीची गाडी जागची हलली नव्हती.

"झालं समाधान?" मी विचारलं. मला स्वतःला तर इतका आनंद झाला होता की लाज वाटावी. वाटली नाही.

"थांब," ती म्हणाली. "शिजेपर्यंत दम धरला, निवेपर्यंत नको का धरायला?"

थोड्या वेळाने गाडीचं दार उघडलं आणि डेल खाली उतरला. दार त्याने लावलं नाही, आतून कोडीने ओढून घेतलं. मग गाडी बर्फ उडवत निघून गेली. डेल रस्त्याकडे तोंड करून थोडा वेळ उभा राहिला आणि चालायला लागला. त्याचं घर तिथून चांगलं लांब आहे, आणि वारा सरोवरावरून येत होता.

आम्ही क्लबाला कुलूप लावलं. टेसा मागच्या सीटवर बसली. वळणाच्या पुढे तो दिसला, कडेने पाय ओढत चाललेला, डोक्यावर टोपीही नव्हती. मी वेग वाढवणार होतो.

"काका, हळू," टेसा म्हणाली.

हिल्माने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मी गाडी त्याच्या बरोबरीने आणली. टेसाने काच खाली केली. डेल थांबला, वाकला, त्याने दाराला हातही लावला. तिने त्याचा चेहरा नीट बघून घेतला. मग काच वर केली.

"चला," ती म्हणाली, आणि मी निघालो.