दात न बघता घेतलेला बैल

मंडळी, आज चिटगुप्प्याच्या बाजारात नातवानं बैल विकायला काढला. जाताना मला म्हणाला, "आज्जा, ह्यो डावीकडं जुपला तरच चालतो, हे बोलू नका. खरं बोलून कोण मोठं झालंय?"

गिऱ्हाइकानं बैलाचे दात बघायला हात घातला, माझ्याकडं बघितलं आणि थांबलं. "तुमी निर्णा गावच्या बसप्पाअण्णांच्या घरचे व्हय? मग दात कामून बघू?"

बसप्पा म्हणजे माझे वडील. निजामाच्या काळात, ताईचं लग्न तोंडावर असताना, त्यांनी याच बाजारात बैल विकायला आणला होता. रुमालाखाली बोटं धरून, बोटांच्या खुणांनीच सौदा ठरला, आणि वडील म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. ह्यो पाण्यात पाय टाकत न्हाई." गिऱ्हाईक हात सोडून गेलं. दलाल ओरडला, "अण्णा, खुळा हाईस का? आता पोरीचं लगीन कशानं करशील?"

लग्न वर्षभर लांबलं. पण पुढच्या साली तेच गिऱ्हाईक आमचं घर विचारत आलं आणि दुसरा बैल दात न बघता घेऊन गेलं. त्या पैशावरच ताईच्या लग्नाचा मांडव उभा राहिला.

ही गोष्ट नातवानं माझ्याकडनं कितीदा तरी ऐकलेली. आज गिऱ्हाइकापुढं त्यानं मान खाजवली. "मामा, एक सांगायचं राहिलं..."

भाव जरा उतरला. पण पोरगं घरापर्यंत शीळ घालत आलं. सांगा बरं, आज कोण जिंकलं?