लाखोळीचा वास

माझे पाय वाचले ते विषांवर संशोधन करणाऱ्या सरकारी साहेबांमुळे. इथे परमुलखात त्यांच्या प्रयोगशाळेत जनावरांसाठी लाखोळीची डाळ शिजू लागली, की त्या उग्र वासानं आमची चूल आठवते. त्या साली आमच्या गावाजवळचा चोरखमाऱ्याचा तलाव आटून धान करपलं, लाखोळी तेवढी हाती आली. ती खाऊन खाऊन पाय लुळे पडलेला बाप रांगत होता आणि माझेही पाय लटपटू लागले होते. गावात तपासणीला आलेल्या साहेबांनी आमच्या हंडीत पाहिलं. म्हणाले, "बाई, पोराला ही डाळ देऊ नका." आई म्हणाली, "मंग काय देऊ जी? माती?"  दुसऱ्या दिवशी माझी शाळा कायमची सुटली. दोन वेळच्या भातावर कामाला म्हणून साहेब मला घेऊन निघाले. बाप दारापर्यंत रांगत आला. "चालता येते तवरक चाल, बापू. मांगं पाहू नोको." आई अजून तीच डाळ खात असेल, ही भीती प्रत्येक घासाला वाटते. साहेबांचे उपकार मात्र मी एक दिवस फेडीन.