रेडकाचं कातडं

आमची दूधवाली भाभी त्या गुरुवारी सकाळी रिकामी किटली घेऊन आली. "दूध कुठंय?" मी जरा फटकूनच विचारलं, कारण मला ऑफिसला निघायचं होतं आणि बाबांचा चहा अडला होता. ती पायरीवर बसली आणि रडायलाच लागली. बारा दिवसांचं रेडकू पहाटे दगावलं होतं. म्हैस वैरणीला तोंड लावत नव्हती, कासेला हात लावू देत नव्हती, नुसती रेकत होती. भाभीचा जेठ, म्हणजे थोरला दीर, म्हणत होता, सुई टोचून पान्हा काढ, नाहीतर रविवारी जनावरं नेणारा ट्रकवाला येतोय, त्याला देऊन टाकू. भाभीला दोन्ही नको होतं. दारात पाच वर्षं वाढवलेली म्हैस ती.

"दीदी, बाबूजी को खाल का काम आता है ना?"

येतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. बाबांनी कुणाला सांगायचं बाकी ठेवलं होतं? जन्मभर रेल्वेत कारकुनी केली, पण गोष्टी मात्र त्याआधीच्या. तेव्हा शिकारीला बंदी नव्हती. लष्करी छावणीतले एक साहेब जंगलात तळ टाकायचे आणि बाबांना सोबत न्यायचे. बंदुकीला बाबांनी कधी हात लावला नाही. त्यांचं काम जनावर पडल्यानंतरचं: कातडं नीट सोडवायचं, खरवडायचं, मीठ चोळायचं आणि ते न कुजता पेंढा भरणाऱ्या कारागिरापर्यंत पोचवायचं.

भाभीला हवं होतं ते वेगळंच. इकडे उत्तरेत पूर्वी रेडकू मेलं की त्याच्याच कातड्यात भुसा भरून ते आईपुढे उभं करायचे. ती त्याला चाटते आणि पान्हा सोडते. हे करणारा माणूस गावोगाव असायचा. आता सगळे सुई टोचतात.

आई जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून बाबा बंद टीव्हीसमोर बसून असायचे. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. तर हे बाबा ताडकन उठले आणि म्हणाले, "किती वाजता गेलं? सावलीत ठेवलंय ना? उन्हात असेल तर आधी उचला!"

"अहो बाबा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहात तुम्ही."

"ते मला माहीत आहे. तू स्कूटर काढ."

ऑफिसला कळवलं आणि निघाले, दुसरं काय करणार? गावाबाहेर बिजौलीत एका कारखान्याच्या भिंतीमागे भाभीचा गोठा आहे. बाबांचा हात हल्ली इतका थरथरतो की कपबशी वाजते. पण सुरी कातड्याला टेकली आणि हात स्थिर झाला. पोटावरून सरळ चीर, मग पायांच्या आतल्या बाजूनं. मी ओढणी नाकावर घेतली. "नाक मुरडू नकोस, पाय घट्ट धर," ते ओरडले. कान त्यांनी मोज्यासारखे उलटे केले, ओठांच्या कडांतही मीठ भरलं. तिथंच आधी सडतं आणि केस गळतात, म्हणाले.

"बाबूजी, भुसा भर दें?" भाभी घाईला आली होती.

"अभी? नाही नाही. रविवारपर्यंत मला द्या."

कातडं आमच्या गच्चीवर आलं. मीठ झटकलं, मग तुरटीचं पाणी, मग दोनदा रिठ्याचं पाणी. सावलीत ताडपत्रीवर पसरलं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा झाला, भुसा भरला गेला, शिवण अशी की शोधून सापडू नये. डोळ्यांना माझ्या जुन्या कोटाची काळी बटणं लावली. माझ्याच कंगव्यानं केस विंचरले आणि तो परत जागेवर ठेवला! मी जाम चिडले, आणि खरं सांगू? आतून इतकी खूश होते की काय सांगावं. ते शीळ घालत होते. रात्री तिसरी पोळी मागून घेतली.

रविवारी सकाळी रेडकू मांडीवर घेऊन आम्ही रिक्षानं निघालो. एका दुचाकीवाल्यानं वाकून विचारलं, "अंकल, ज़िंदा है क्या?" बाबांची छाती फुगली.

म्हशीपुढे ते उभं केलं तेव्हा भाभीनं हातच जोडले. हुबेहूब होतं. म्हशीनं मान लांब करून एकदा हुंगलं, फुस्स केलं आणि तोंड फिरवलं. पुढे सरकवलं, तर शिंगानं ढकलून दिलं.

जेठ दारातच उभा होता. "दस बजे ट्रक आ रहा है," एवढंच बोलला.

बाबा खाटेवर बसले. "कुठं चुकलं गं?" ते मला विचारत होते, जसं काही मला कळतं. भाभीनं खाली वाकून रेडकाच्या पाठीला नाक लावलं. मग अगदी हळू, त्यांना लागू नये अशा बेतानं म्हणाली, "बाबूजी, इसमें तो कोई बास ही नहीं है. जे हमाओ पड़ा नइयाँ." याला वासच नाही, हे आमचं रेडकू नव्हेच, असं तिचं म्हणणं.

"अरे देवा," बाबा म्हणाले. "मी साहेबाच्या दिवाणखान्यासाठी केलं!"

त्यांच्या शिकारीच्या कामात कातड्याला वास नसणं हीच शाबासकी होती. बारा दिवस त्या माऊलीनं जे चाटून चाटून ठेवलं होतं, ते सगळं बाबांनी दोनदा रिठा लावून गच्चीच्या मोरीत सोडून दिलं होतं.

भाभी आत गेली आणि एक गोणपाट घेऊन आली. रेडकू त्याच्यावर निजायचं. धुवायचं म्हणून बाजूला काढलं होतं, पण तिच्यानं धुववलं नव्हतं. बाबांनी ते हिसकावूनच घेतलं आणि रेडकाला खसाखसा चोळायला लागले. पाठ, मान, कान, पोट. विंचरलेले केस विस्कटले, एक बटण निखळून पडलं. मग गोणपाट पाठीवर बांधून ते बाजूला झाले.

म्हैस थोडा वेळ नुसती उभी राहिली. मग नाकपुड्या हलल्या. घशातून एक बारीक, खोल आवाज आला, तसा तीन दिवसांत आला नव्हता, असं भाभी नंतर म्हणाली. आणि तिनं चाटायला सुरुवात केली. मानेपासून शेपटीपर्यंत, पुन्हा मानेपासून. भाभी चरवी घेऊन खाली बसली. बराच वेळ काहीच नाही. मग चरवीच्या तळावर धार वाजली.

जेठानं खिशातून फोन काढला आणि बाहेर जाऊन ट्रकवाल्याला नको म्हणून सांगितलं. मी रडत होते, त्याची मला लाज वाटली नाही.

"जिंकलात हो बाबा!"

"फसवलं गं तिला," ते म्हणाले.

भाभी मान न वळवता बोलली, "जानती है, बाबूजी. मरे को मरा जानती है. चाटने को कुछ चाहिए था, बस."

परत येताना बाबांना छावणीतून चालायचं होतं, म्हणून तिथंच रिक्षा सोडली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चालता चालता ते एकदम म्हणाले,

"आईच्या साड्या तू धुवायला नको होत्यास."

मी थांबलेच. चौदाव्या दिवशी मी आईच्या सगळ्या साड्या, पोलकी, उशीचे अभ्रे, शाल, सगळं धुतलं होतं. स्टार्च, इस्त्री, डांबराच्या गोळ्या. केवढा अभिमान वाटला होता मला माझ्या कामाचा. त्यानंतर बाबा कधी कधी ते कपाट उघडून उभे राहायचे, आणि मला वाटायचं, काय नीट ठेवलंय पोरीनं म्हणून बघताहेत.

"बाबा, तेव्हाच का नाही हो बोललात?"

त्यांनी माझा हात धरला. "तेव्हा मला तरी कुठं कळलं होतं," ते म्हणाले, "मी काय शोधतोय ते."