रुमालाखालचा हात

धामणगाव बढेच्या बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नसत. दलाल आणि विकणारा हातावर रुमाल टाकून खाली एकमेकांची बोटं दाबत, तोच भाव. बाईनं परक्या पुरुषाचं बोट धरणं वाईट, म्हणून माझ्या बैलांसाठी चुलत दीर हात द्यायचा. रुमालाखाली एक भाव ठरे, माझ्या कानी दुसराच येई. आणि याला लोक इमानाचा बाजार म्हणत.

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. माझा थोरला भाऊ फौजेतून मुष्टियुद्ध शिकून परतला होता. गावचे पैलवान त्याला हसले. माती चोपडल्याशिवाय त्यांना लढाई कळत नसे. मला कळली. मी विधवा, जनावरांच्या धंद्यातली. भावानं माझ्यासाठी गोठ्यामागं सरकीचं पोतं टांगलं. ठोसा मारला की हात लगेच हनुवटीपाशी आणायचा, एवढंच तो पुन्हापुन्हा सांगे. बोटांची सालं निघाली, पण अंगातली धडधड त्या पोत्यापुढंच संपली.

मग वासरापासून वाढवलेली जोडी घेऊन मी स्वतः बाजारात गेले आणि हात पुढं केला. दलालाला गंमत वाटली.

"काऊन वं, घरचे मानसं सरले का?"

"बैल माहे, हातबी माहाच. भाव बोल."

त्यानं रुमाल टाकला आणि बोटं सोडून मनगट धरलं. मग त्याचा हात कोपराकडं सरकू लागला. बघ्यांना फक्त रुमाल दिसत होता. ते दात काढत होते. माझा डावा हात मोकळा होता. ठोसा सरळ नाकावर बसला, आणि दलाल शेणात.

रुमाल मीच उचलून झटकला. देऊळघाटचा एक म्हातारा मुसलमान व्यापारी "ला बेटी" म्हणत पुढं आला. नुसत्या बोटांच्या टोकांनी त्यानं सौदा केला आणि जोडी माझ्या भावात गेली.

पुढच्या बाजारापर्यंत ठोसा माझा उरला नव्हता. फौजीनं मारलं, असं दलालानंच पसरवलं. बाईच्या हातून पडण्यापेक्षा ते बरं, आणि डोळ्यांनी पाहिलेल्यांनीही तेच उचललं. माझा भाऊ त्या दिवशी घरी तापानं पडून होता. तरी बाजारानं त्याला मानाचं पान दिलं, आणि त्यानं ते खाल्लं.

काही वर्षांनी तोच दलाल भावाकडं आला. त्याच्या लेकीला नवरा बदडत होता. तिला हात चालवायला शिकवा, म्हणाला. भावाचा खांदा निकामी झालेला. त्यानं माझ्याकडं बोट केलं.

"शिकवीन," मी म्हटलं. "पन पयले बैलबाजारात उभं राहून सांग, तुले कोनं मारलं."

घरात सांगतो म्हणाला. मग ओसरीवर सांगतो म्हणाला. मी हलले नाही, तसा तो उठून गेला. लेकीपेक्षा त्याला नाक मोठं.

दुसऱ्या सकाळी लेक एकटीच आली, सुजल्या डोळ्यानं. मी तिला पोत्यापुढं उभं केलं.

"काकू, बाचं नाक तुमीच मोडलं नं? घरी समद्यायले माहीत हाये."

"हाव. डाव्यानं," मी म्हटलं. "घे, डावा वर घे."