ताटावरचा आडवा हात

भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर पोत्यानं सांगितल्यात आणि एकीवरही कधी विश्वास ठेवला नाही... कारण सगळ्या मीच रचलेल्या! न्हावऱ्याच्या स्टँडवर माझी गोष्ट सुरू झाली की एसटीचा ड्रायव्हर गाडी बंद करून खाली उतरतो, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मीच. तेव्हा हे वाचून तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही. फक्त एवढंच, की या हकिगतीत मी वरून मीठसुद्धा टाकलेलं नाही.

मला स्वादुपिंडाच्या सुजेचा आजार आहे. पॅनक्रियाटायटिस. नाव घेताना जीभ दमते आणि दुखताना माणूस. बेंबीच्या वर कुणीतरी नांगर घालतंय आणि फाळ पाठीतून बाहेर निघतोय, असं दुखतं. उताणं झोपायची सोय नाही, गुडघे पोटाशी घेऊन गोगलगाय व्हायचं. सूज उतरते, घरी येतो, दोन-चार महिने बरे जातात... की पुन्हा. गावाला वाटतं, हा पितो. अहो, पित्ताच्या खड्यानं सुरू झालेलं दुखणं ते! पण मी खरं बोललो तर विश्वास ठेवायची गावाला सवय नाही. गोठ्यात दोन म्हशी, आणि माझ्या वाट्याला लोणी पुरतं काढलेलं ताक. उकडलेला दोडका, मऊ भात, बिनफोडणीचं वरण. आमच्या घरातली मांजर माझ्यापेक्षा बरं जेवते.

पोपटनाना मला दौंडच्या दवाखान्यात भेटला. राहू गावचा. शेजारची खाट आणि दुखणंही तेच. नाना पंचक्रोशीतला नामांकित वाढपी. आमच्याकडं पंगतीत नको असलं की माणूस ताटावर हात आडवा धरतो, आणि वाढपी आग्रह करकरून वाढतो. नाना तर आडव्या हाताला जुमानायचाच नाही, बोटांच्या फटीतून आमटी ओतायचा. एकदा एक सरपंच ताटावर पालथा पडला, तर नानानं त्याच्या पाठीवर बुंदी वाढली. बरं, हे थोडं वाढवून सांगितलं. बुंदी नव्हती, भात होता.

दवाखान्यात तोंडानं पाणीसुद्धा बंद. सगळं सलाइनवर. मला कळ आली की नाना खाटेवरून रिकामा हात पुढं करायचा. पहिलं बोट कडबाकुट्टीच्या यंत्रात निम्मं गेलेलं, वर सलाइनच्या सुईची पांढरी पट्टी.

"घ्या आण्णा, गरम बुंदी!"

मी चादरीवर हात आडवा धरायचो. "नको नको, बास!"

"आसं कसं? एवढ्यावर उठायचं आस्तं व्हय? घ्या!"

सिस्टर म्हणायची, "या दोघांना पोटाचं नाही, डोक्याचं औषध द्या." हसलं की जास्त दुखायचं. पण इंजेक्शन येईपर्यंतचा वेळ निघून जायचा.

घरी सोडलं त्या दिवशी नाना म्हणाला, "आण्णा, हितनं पुढं हात आडवा धरशील तर खरा धर. लोकं वाढत्यातच. पर मी न्हाई ना वाढायला, म्हणून ऐकत्याल."

पथ्य त्यानं माझ्यापेक्षा कडक पाळलं. तरी उन्हाळ्यात पुन्हा उठलं, पुण्याला हलवलं, आणि तो परत आला नाही.

दहाव्याला आम्ही नवरा-बायको मोटरसायकलवर राहूला गेलो. नदीकाठी विधी झाला, पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं झाली. एकेकानं नानापेक्षा स्वतःबद्दलच जास्त सांगितलं. मग दुपारी मांडवात पंगत. हिनं माझा डबा पिशवीत घालून आणला होता. तो मी गाडीलाच अडकवून ठेवला. हो, मुद्दाम. डोक्यात एकच चाललेलं... पथ्य पाळणारा गेला, मग मी हा दोडका कुणासाठी चघळतोय? आज नानाच्या नावानं पोटभर जेवायचं. व्हायचं ते होऊ दे. बायकांच्या पंगतीतून ही माझ्याकडं बघत होती. मी तिकडं मान वळवली नाही.

बुंदीवाला आला. शेजाऱ्याला वाढलं, मला ओलांडून पुढच्याला. म्हटलं, चुकला असेल. मग आमटीची बादली आली. वर तेलाचा असा तवंग, की त्यात तोंड बघून मिशी विंचरावी! तीही मला ओलांडून गेली. मग भात गेला. माझं ताट कोरं. शेवटी दत्तूआप्पा, म्हणजे नानाचे थोरले भाऊ, आमटी घेऊन परत फिरले, तेव्हा मी ओरडलोच, "आप्पा, आम्ही काय उपाशी जायचं का?"

आप्पा खेकसले, "आवो, मग हात काढा की ताटावरचा! मघापासनं आडवा धरलाय, आन् वर मलाच वरडताय!"

माझे दोन्ही हात मांडीवर होते. मी ते उचलून त्यांना दाखवले.

आप्पांनी माझ्या हातांकडं बघितलं. मग ताटाकडं. बादली खाली टेकली. "पट्टी व्हती..." हळूच म्हणाले, "पांढरी. आन् बोट..." उपरण्यात तोंड घालून तिथंच पंगतीत खाली बसले.

माझ्या शेजारी रांजणगावच्या कंपनीतला कुणाचा तरी जावई होता. मी त्याचे दोन्ही हात धरून उलटसुलट बघितले. बोटं धडधाकट, पट्टी नाही. त्याला वाटलं, पाहुण्याला ऊन लागलं. नंतर बुंदीवाल्याला विचारलं, भातवाल्याला वेगळं गाठलं. दोघांचं उत्तर एकच, "तुमीच हातानं नको म्हणला की!"

मी उठलो, गाडीवरचा डबा आणला आणि त्या कोऱ्या ताटात दोडका वाढून घेतला. नानाच्या घरचं माझं पहिलं जेवण ते.

येताना ही म्हणाली, "तुमच्यावर माझा काडीचा इस्वास न्हाई. पर आप्पा कशाला खोटं बोलत्याल?"

ऊन म्हणा, दुःख म्हणा, नजरेचा खेळ म्हणा... सगळं लावून बघितलं. तिघांना दिसलेला हात मला का दिसला नाही? ताट तर माझं होतं. हे मला आजही उलगडलेलं नाही.

मध्यंतरी कवठे येमाईला एका लग्नात बसलो, मुद्दाम दोन्ही हात मांडीखाली दाबून. बुंदी पडली. आमटी पडली. भात पडला. मी ताटाकडं बघत राहिलो. पंगत उठली, खालच्या सतरंज्या गोळा झाल्या, तरी बघत राहिलो. मग ही आली, भरलेलं ताट उचललं आणि डबा उघडून पुढं ठेवला.

तेव्हापासून हात मीच धरतो. खरा.