कागद न आलेले चार महिने

व्यंकटेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी टेंभुर्णीला पुण्याच्या एसटीतून चहाला उतरलो होतो. फोन पद्मावहिनींनी, त्याच्या बायकोनं, स्वतःच केला होता. "भावजी, हे गेले," एवढंच. मी चहा अर्धा ठेवला, गाडीतून पिशवी काढून घेतली आणि रस्ता ओलांडून सोलापूरच्या बाजूला उभा राहिलो. गाडी येईपर्यंत रडू काही आलं नाही. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, सांगायचं राहिलं... त्याला सांगायला सहा वर्षं होती माझ्याकडे. रोज भेटत होतो आम्ही. तरी राहिलं. आज दीड महिन्यानंतर ते इथं लिहितो आहे.

मी मूळचा जेऊरचा. शाळेसाठी सोलापूरला भवानी पेठेत मामाकडे राहिलो, आणि मामाच्या भिंतीला भिंत लागून व्यंकटेशच्या वडिलांचं घर, त्यातच यंत्रमागांची शेड. त्यांच्या घरात तेलुगू, आमच्यात मराठी, आणि आम्हा दोघांत 'काय बे' आणि 'जा बे'. तो दहावीनंतर मागावर बसला, मी जहाजावर गेलो. गावाकडच्या लोकांना वाटायचं मी सातासमुद्रापार हिंडतोय. खरं सांगायचं तर बावीस वर्षं मी इंजिनरूममध्ये, पाण्याच्या पातळीखाली, तेलाच्या वासात काढली. समुद्र दिसायचा तो बंदराला लागल्यावर. व्यंकटेशचं काम मात्र बघत राहावं असं. चालत्या मागावर धागा तुटला की त्याची दोन बोटं पुढे जायची आणि आपण नीट बघेपर्यंत गाठ पडलेलीही असायची. शाळेत असतानाही तो वडिलांच्या मदतीला मागावर असायचा, तेव्हा मी कितीदा त्याला म्हटलं, सावकाश करून दाखव. तो म्हणायचा, सावकाश केली तर मलाच येत न्हाय.

पुढे त्यांचे माग भंगारात गेले. व्यंकटेश एका टॉवेलच्या कारखान्यात गेटवर बसायला लागला. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहायचे, एवढंच काम. त्याच सुमारास मी जहाजाची नोकरी सोडली आणि गोव्यात तीस फुटांची एक जुनी शिडाची नाव घेतली. समुद्रावर जन्म काढून समुद्र न पाहिल्याची खंत म्हणा, किंवा मिरवायची हौस म्हणा. गोव्याहून कोचीला जायचं, तिथं आठ दिवस दम खायचा, सरकारी परवान्याचा कागद आला की मग लक्षद्वीप, असा बेत. लक्षद्वीपचं नाव त्याच्यामुळेच आलं. त्यांच्या शेडमध्ये त्याच्या मागाच्या वर, भिंतीवर लक्षद्वीपचं एक जुनं कॅलेंडर होतं. साल उलटलं, माग गेले, तरी ते तिथंच. निळंशार पाणी, तळातली वाळू दिसणारं. मी त्याला विचारलं, "येतोस का? पोहता येतं ना?"

"न्हाय येत," तो म्हणाला. "पण पोहत कुठं जायचंय बे सुऱ्या? नावेत बसायचंय की."

वहिनींनी गोणीभर कडक भाकरी आणि डबाभर शेंगाचटणी दिली आणि आम्ही निघालो. कारवारच्या पुढे एका दुपारी वारा अचानक फिरला. एक लाट नावेत शिरली, मग दुसरी. इंजिनरूममध्ये लाट म्हणजे पायाखालचा एक झोका असतो. ती डोळ्यांसमोर उभी राहते हे मला माहीतच नव्हतं. मी सुकाणू धरून नुसता बसून राहिलो. शीड व्यंकटेशनं उतरवलं, तेही 'आता हे ओढू का? का हे?' असं मलाच विचारत विचारत. वारा पडल्यावर तो चिंब भिजून हसत होता, लई भारी म्हणत होता. मी सुकाणू सोडलंच नव्हतं. त्यानं विचारलं तर थंडीनं बोटं आखडलीत म्हणालो.

कोचीची मरीना म्हणजे होड्यांची सोसायटीच. पाण्यावर तरंगणारा लाकडी धक्का, दोन्ही बाजूंना होड्या, आणि पाण्याच्या नळावर सगळ्या जगाच्या गप्पा. आमच्या शेजारी हिरव्या रंगाची एक नाव होती. तिच्यावर मार्था नावाच्या सत्तरीच्या डच बाई एकट्या राहत. दुसऱ्याच दिवशी त्यांचं फाटलेलं शीड धक्क्यावर पसरलेलं दिसलं आणि व्यंकटेश आपण होऊन त्याच्याशेजारी मांडी घालून बसला. सुई मागितली, दोरा तुटला, आणि त्यानं सवयीनं गाठ मारली. बाई थांबल्या. त्यांनी परत मारायला लावली. मग आत जाऊन दोन दोर आणले, एक जाड, एक बारीक, आणि सावकाश, एकेक वेढा दाखवत तीच गाठ घातली. खलाशी लोक शेकडो वर्षं हीच गाठ मारत आलेत, असं त्या सांगत होत्या आणि मी मराठीत सांगत होतो. व्यंकटेशला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. "म्हणजे आमचा आजा खलाशीच होता की बे," तो म्हणाला. "मधी पाणी तेवढं नव्हतं."

परवाना आला तो सहाव्या दिवशी सकाळी, मोबाईलवर. मी नावेत बसून तो दोनदा वाचला. दोघांची नावं, नावेचं नाव, मुदत, सगळं बरोबर. डोळ्यांसमोर कारवारची लाट उभी राहिली. बाहेर धक्क्यावर व्यंकटेश शिवत बसला होता. माझी चाहूल लागल्यावर मान वर न करता त्यानं विचारलं, "आला का बे कागद?"

मी नाही म्हणालो.

त्या एका 'नाही'वर आम्ही चार महिने राहिलो. आणि आता जे लिहितो ते लिहायला मला आणखी लाज वाटते, कारण ते चार महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे होते. मार्थाबाईंचं शीड झालं, मग पलीकडच्या होडीचं आलं, मग ताडपत्र्या, जाळ्या, पडदे. लोक त्याला 'मास्टर' म्हणायला लागले. जुन्या दोरांची त्यानं पायपुसणी विणली. धक्क्यावरच्या प्रत्येक होडीच्या दारात एकेक पडलं. इंग्रजी त्याला येत नव्हतं आणि त्याची त्याला पर्वाही नव्हती. सगळ्यांशी तो सोलापुरीच बोलायचा, 'हितं धर बे', 'सोड की आता', आणि सगळे बरोबर धरायचे आणि सोडायचे. महिन्याभरात मार्थाबाई मरीनाच्या मॅनेजरला 'काय बे' म्हणू लागल्या. मॅनेजर बिचारा तो डच आदर समजून मान लववायचा. कडक भाकरी संपल्या तेव्हा धक्क्यावर हळहळ झाली. महिना झाला तरी न बिघडणारी भाकरी ही त्या लोकांना चमत्कारच वाटत होती. वहिनींनी पार्सलनं आणखी पाठवल्या, दोनदा.

मी सकाळी उठून मोबाईल बघायचो, मुदत किती उरली ते. तो विचारायचा, आला का. मी नाही म्हणायचो. संध्याकाळी सात वाजता धक्क्याच्या टोकाला जाऊन, माझ्याकडे पाठ करून तो वहिनींना फोन करायचा. तेलुगूत. भिंतीला भिंत लावून वाढलो तरी मला त्यातलं जेवणाखाण्यापुरतंच कळतं. पण एक शब्द रोज यायचा आणि तो मला कळायचा. रालेदु. आला नाही. 'रालेदु, रालेदु...' ते ऐकलं की मी ताट बाजूला सरकवायचो. वाटायचं, हा माणूस रोज बायकोपाशी तक्रार करतोय आणि मी त्याचा कागद खिशात घालून बसलोय.

मुदत संपली. पावसाळा तोंडावर आला. नाव तिथल्याच एका मल्याळी जोडप्याला देऊन आम्ही आगगाडीनं परत आलो. सोलापूर स्टेशनवर उतरताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या साली जाऊ की बे," म्हणाला. ते वाक्य मी सहा वर्षं वागवलं. पुढच्या साली त्याच्या हृदयाचं दुखणं निघालं, आणि मग लक्षद्वीपचा विषय त्यानंही काढला नाही आणि मीही. भिंतीवर ते कॅलेंडर मात्र होतंच. मी त्या घरी जायचो तेव्हा त्याच्याकडे पाठ करून बसायचो.

गेल्या आठवड्यात वहिनींकडे गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं. परवाना, तारीख, कारवारची लाट, सगळं. कॅलेंडरकडे बोट दाखवून म्हणालो, त्याचं एवढं एक मागणं होतं आणि ते मी घालवलं. वहिनी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. त्या घरात महिन्याभरानं कुणी हसत असेल.

"ते कॅलेंडर?" त्या म्हणाल्या. "भिंतीला ओल आलीय की तिथं. झाकायला लावलंय."

मग त्यांनी सांगितलं. रोज सातला फोन यायचा आणि पहिलं वाक्य तेच, आजही रालेदु. पण ते म्हणताना गडी हसत असायचा. देवापुढं सांग, उद्याही येऊ देऊ नको म्हणून, असं म्हणायचा. अजून दोन शिडं बाकी आहेत, मास्टर म्हणतात मला इथं. परत आल्यावर तर गेट आणि वही आहेच. "आणि शेवटी रोज बजावायचे," वहिनी म्हणाल्या, "सुऱ्याला कळू देऊ नको. त्याला जायची लई घाई हाय, बिचारा उठल्या उठल्या मोबाईल बघतो."

म्हणजे तो रोज विचारायचा तो कागद आला तर नाही ना या भीतीपोटी, आणि 'पुढच्या साली जाऊ' म्हणाला तो माझी समजूत काढायला.

"तुम्ही दोघं चार महिने एकमेकांना फसवत बसला," वहिनी म्हणाल्या, "आणि मी हितं भाकऱ्या बडवत होते."

यानं मी सुटलो असं मी मानत नाही. त्यानं मनातली इच्छा लपवली, मी आलेला कागद लपवला. दोन्ही एक नव्हे. मी खरं बोललो असतो तर तो निमूट उठला असता, शीड चढवलं असतं, आणि आज सांगायला वेगळं काही असतं. काय ते मला माहीत नाही. पण त्या धक्क्यावर मांडी घालून बसलेल्या, हसून डोळे पुसणाऱ्या माणसाकडे आता मला मान वर करून बघता येतं.

निघताना वहिनी म्हणाल्या, गच्चीवरची वाळत घालायची दोरी तुटलीय, बांधता का, तुम्ही तर जहाजावरचे. वर गेलो. दोरी अर्धी निळी, जाड, मार्थाबाईंनी दिलेली. अर्धी पांढरी, बारीक, जुन्या मागाची. मध्ये त्याची गाठ. सहा उन्हाळे-पावसाळे खाऊन ती तशीच होती. दोरी दुसरीकडे, टोकाशी तुटली होती. मी बाईंनी दाखवले होते तसे वेढे आठवत गाठ मारली. वहिनींनी ओली चादर टाकली, गाठ सुटली. परत मारली, परत सुटली. तिसऱ्यांदा चादर तोलली गेली.

वहिनींनी दोरी ओढून पाहिली. "ह्यांना एवढा वेळ लागत नव्हता," म्हणाल्या, आणि दुसरी चादर पिळायला घेतली.